मुलीसाठी शाळा बघतोय, युडायसचे आकडे काढलेत पण तुलना कशी करायची? (पाथर्डी फाटा, नाशिक)

पाथर्डीफाटावाला

नमस्कार मंडळी. पोरगी येत्या जूनला पहिलीत जाणार. घरात ठरलंय की मराठी माध्यम किंवा सेमी, आणि शाळा मनपाची नाहीतर अनुदानित. लाखाच्या घरातली फी आणि वर वह्या-बूट त्यांच्याच दुकानातून घ्या हा प्रकार नकोय, त्यामुळे ‘अमुक इंटरनॅशनलला टाका’ हे सल्ले कृपया नकोत, ते सासुरवाडीहून भरपूर मिळालेत.

मी कंपनीत क्वालिटीला आहे, आकडे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. तर युडायस प्लसच्या (केंद्र सरकारची देशभरातल्या शाळांची माहिती) साइटवरून आसपासच्या शाळांची रिपोर्ट कार्डं काढली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, प्रत्येक शाळेला अकरा आकडी युडायस कोड असतो, आपल्या जिल्ह्याचा २७२० पासून सुरू होतो, त्यावरून इयत्तावार पट, मुलं-मुली, शिक्षक, वर्गखोल्या, संडास, लायब्ररी, कॉम्प्युटर, शिवाय एससी-एसटी-ओबीसी-ओपन अशी विभागणी असं बरंच काही निघतं. एक्सेल केली, प्रत्येक गोष्टीला मार्क दिले, बेरीज मारली आणि तीन शाळा उरल्या. नावं मुद्दाम देत नाही. ए म्हणजे घराजवळची मनपा, आठवीपर्यंत. बी म्हणजे सिडकोतली अनुदानित, पहिली ते दहावी, गेटवर ‘निकालाची उज्ज्वल परंपरा’ वाला फ्लेक्स बारा महिने. सी म्हणजे अंबडकडची कामगार वस्तीतली छोटी मनपा, चौथीपर्यंतच.

आता माझ्या एक्सेलमध्ये सी पहिली आलीये, कारण तिथे एका शिक्षकामागे अठराच पोरं. बी ला अडतीस. पण मित्राला सांगितलं तर तो हसला.

विचारायचं हे की शिकवणं कसंय हे नेमकं कुठल्या आकड्यावरून कळतं? रिपोर्ट कार्डात मार्क नाहीतच. बी चा दहावीचा निकाल दरवर्षी शंभरच्या आसपास, बाकीच्या दोघींना दहावीच नाही, मग एका मापात मोजायचं कसं. आणि ते जातवार रकाने, त्यांचं करायचं काय? मी त्याला मार्क दिलेले नाहीत, पण बायको म्हणते सरकार गोळा करतंय तर कशाला तरी उपयोग असेलच ना.

मिसळ_विदाऊट_पाव

भो एवढी एक्सेल मी फ्लॅट घेताना पण केली नव्हती. शाळा सुटायच्या टायमाला गेटवर उभा राहा, घ्यायला आलेल्या चार बायांना विचार, दहा मिनिटांत काय ते कळतं.

बाय द वे आरटीईच्या (शिक्षण हक्क कायदा) पंचवीस टक्क्यांत, म्हणजे खासगी शाळेतल्या राखीव जागांसाठी, फॉर्म का नाही भरला?

पाथर्डीफाटावाला

@मिसळ खुल्या गटाला उत्पन्नाची अट एक लाखाची आहे, आम्ही बसत नाही त्यात.

मिसळ_विदाऊट_पाव

हां मग विषय संपला. आमच्या भावाचा २०२४ ला फॉर्म होता, फेब्रुवारीत सरकारने नियम काढला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगीत पंचवीस टक्के नाही, मग हायकोर्टाने जुलैत ते रद्द केलं, तोवर पोरगं घरीच कार्टून बघत बसलेलं.

दिंडोरीचे_गुरुजी

झेडपीत शिक्षक आहे, त्यामुळे ही रिपोर्ट कार्डं भरायच्या बाजूने बघितलीत. तुमचे मित्र हसले ते बरोबर हसले.

विद्यार्थी भागिले शिक्षक हा हिशोब छोट्या शाळेत फसवतो. आरटीईप्रमाणे पहिली ते पाचवीला तीस पोरांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला पस्तीस, ते ठीक. पण समजा पहिली ते चौथी मिळून पट छत्तीस आणि शिक्षक दोन. तुमच्या एक्सेलला अठरा दिसणार, झकास. वर्गात जाऊन बघा, बाईंकडे पहिली-दुसरी, सरांकडे तिसरी-चौथी. बाईंनी पहिलीला अक्षरं गिरवायला बसवायचं आणि तेवढ्यात दुसरीला हातच्याची बेरीज शिकवायची, तोवर इकडे एकाची पेन्सिल तुटलेली, एकाला शू लागलेली, एक दुसरीच्या फळ्याकडे बघून ‘हातचा एक’ ओरडतोय. त्यात सर बीएलओच्या (मतदार यादीच्या) कामाला किंवा ट्रेनिंगला गेले की चारही वर्ग बाईंकडे. म्हणून आधी शिक्षक आणि वर्ग यांचा हिशोब करा. चार वर्गाला चार शिक्षक असतील तर एका वर्गात अडतीस पोरं असली तरी मी तिथे टाकेन, दोन वर्ग एकत्र असलेल्या अठरापेक्षा.

तरी यात एक गोम आहे. कार्डावर शिक्षक दिसतो म्हणजे तो तिथे फळ्यासमोर उभा असेलच असं नाही, प्रतिनियुक्तीवर दुसऱ्या शाळेत किंवा ऑफिसात असतो, पगार मात्र या शाळेवर निघतो. आणि शहरात अजून एक, एकाच बिल्डिंगमध्ये सकाळी एक शाळा, दुपारी दुसरी, कोड वेगवेगळे, संडास आणि खोल्या त्याच, दोन्ही कार्डांवर मोजलेल्या. तुम्ही संडासाला मार्क दिले असतील तर काढून टाका. नळाला पाणी येतं का ते जाऊन बघा, कार्डावर ‘आहे’ एवढंच येतं.

पट पण ३० सप्टेंबरचा धरायची पद्धत आहे आणि साइटवर दिसतो तो बहुतेकदा मागच्या वर्षाचा. तुमची पोरगी ज्या वर्गात बसेल तो त्यात नाहीच.

आकडेमोड

गुरुजींनी शिक्षकांचं सांगितलं, मी निकालाचं सांगतो, कारण सगळे तिथेच गंडतात.

आधी एक गोष्ट मान्य करा की शाळानिहाय ‘पोरं किती शिकली’ हा आकडा तुमच्या-माझ्यासारख्याला बघायला मिळत नाही. १२ नोव्हेंबर २०२१ ला नॅस ही केंद्राची देशभरातली पाहणी झाली, ४ डिसेंबर २०२४ ला तसंच परख सर्वेक्षण झालं (तिसरी, सहावी, नववी), पण ही नमुना पाहणी आहे, निवडक शाळांतली निवडक पोरं, निकाल जिल्ह्यापर्यंत येऊन थांबतो. त्यावरून नाशिक आणि जळगाव ताडून बघता येईल, ए आणि बी नाही. असर हा ‘प्रथम’ संस्थेचा वाचन-गणिताचा सर्व्हे तर फक्त ग्रामीण भागात होतो, नाशिक शहर त्यात येतच नाही. राज्याची पायाभूत चाचणी आणि दोन संकलित चाचण्या होतात, त्याचे मार्क ऑनलाइन भरतात, पेपर सगळीकडे एकच असतो पण तपासतो त्याच वर्गाचा शिक्षक. पुढचं तुम्हीच समजा.

आता फ्लेक्स. दहावीचा टक्का म्हणजे जेवढे बसले त्यातले किती पास झाले. बसवले किती हे फ्लेक्सवर नसतं. ते तुमच्या युडायसच्या कार्डात आहे, फक्त दोन वर्षांची कार्डं शेजारी ठेवावी लागतात. मागच्या वर्षीची नववी आणि यंदाची दहावी बघा. समजा नववीत १२० होते आणि दहावीत ९० आले, तर तीस पोरं गेली कुठे? काही गाव सोडून गेली असतील, काही कामाला लागली, आणि काहींना शाळेनेच सांगितलेलं असतं की तुझं काही खरं नाही, सतरा नंबरचा फॉर्म भर. मग ते पोरगं खासगी विद्यार्थी म्हणून बसतं, नापास झालं तरी शाळेच्या टक्क्यात येत नाही. मुलं आणि मुली वेगळ्या बघा, दोघांची गळती वेगळ्या वर्गात होते.

शिष्यवृत्ती परीक्षेचं पण तसंच, ‘आमचे एवढे शिष्यवृत्तीधारक’ म्हणताना वर्गातल्या किती पोरांचे फॉर्म भरले ते विचारा. सहाच हुशार पोरं बसवायची आणि पाच आणायची याला काय अर्थ आहे. त्यापेक्षा एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा आकडा मला जास्त बोलका वाटतो, आठवीला असते, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं, फक्त सरकारी, मनपा-झेडपी आणि अनुदानित शाळांतल्या पोरांना, लागली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार. म्हणजे निदान साधारण एका परिस्थितीतली पोरं एका पेपरला बसतात. ज्या मनपा शाळेतून दरवर्षी बरेच फॉर्म जातात आणि थोडे का होईना लागतात तिथे कोणीतरी बाई किंवा सर शाळा सुटल्यावर थांबून शिकवतायत एवढं नक्की.

खालच्या वर्गांनाही हीच युक्ती चालते. २०२१-२२ ची पहिली, २०२२-२३ ची दुसरी, २०२३-२४ ची तिसरी असं तिरकं वाचत जा. पट टिकलाय म्हणजे आईबाप पोरं काढून नेत नाहीयेत. मिसळभाऊंच्या गेटवरच्या बायांचं मत ते हेच, फक्त सगळ्या बायांचं. एवढं मात्र सांभाळा की चौथीपर्यंतच्या शाळेत पाचवीला शून्य येणारच आणि बऱ्याच अनुदानित हायस्कुलांत पाचवीला पट एकदम फुगतो कारण मनपाची पोरं तिथे जातात. शिवाय मागे मनपाच्या शाळांचं एकत्रीकरण झालं तेव्हा काही ठिकाणी एका वर्षात पट दुप्पट दिसतो, तो काही शाळेचा पराक्रम नाही.

कॉलेजरोड_काकू

स्पष्ट बोलते, राग मानू नका. ते जातवार रकाने बघायला लाज कसली? कुठल्या घरातली पोरं वर्गात आहेत हे प्रत्येक आईबाप बघतातच, फक्त बोलत नाहीत. पोरगी दिवसभर ज्यांच्यात बसेल त्यांचीच भाषा उचलणार, शिव्या उचलणार. मनपाच्या शाळेत शिक्षक चांगले असतील हो, पण वातावरण नको का?

सातपूरची_आई

काकू माझी मुलगी मनपाच्या शाळेत चौथीत आहे, सातपूरला. वर्गात निम्मी पोरं घरी हिंदी नाहीतर भोजपुरी बोलणारी, वडील एमआयडीसीत, बाकी कोणी खानदेशातले, कोणी पेठ-सुरगाण्याकडून बिल्डिंगच्या कामाला आलेले. भाषा उचलली हे खरंय, आता भावाशी भांडते ती हिंदीत भांडते. शिव्या म्हणाल तर त्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जास्त शिकायला मिळतात.

पण मला बाईंचं काम दिसतं ना. पहिलीला जी पोरं आली त्यातल्या कित्येकांना ‘बसा’ म्हटलं तरी कळत नव्हतं. बाईंनी दिवाळीपर्यंत पाटीच काढली नाही म्हणा, नुसत्या गोष्टी, चित्रं, खिचडीच्या रांगेत ‘ताट’, ‘डाळ’, ‘अजून पाहिजे’, ‘नको’ असं बोलून घ्यायच्या. आज तीच पोरं मराठी वाचतात. आता ही शाळा आणि तुमच्या तिकडची शाळा एका पेपरला बसवली तर तिकडचे मार्क जास्त येतील, येणारच, पण तिकडच्या पोराला घरातून निम्मं येत होतं.

आणि वातावरणाचं म्हणाल तर माझा पुतण्या एका नावाजलेल्या शाळेत होता. नववीचा निकाल घ्यायला जाऊबाई गेल्या तर ऑफिसच्या बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं, याला आम्ही पास करतो पण दहावीला दुसरीकडे बघा नाहीतर सतरा नंबर भरा. तो जाऊन आता आयटीआय करतोय, बरा चाललाय, पण त्या वर्षी त्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागला आणि आम्ही तो फ्लेक्स रोज बघत होतो.

मिसळ_विदाऊट_पाव

ताई +१. सतरा नंबर प्रकार आमच्या बॅचला पण होता, तेव्हा वाटायचं पोरगंच ढ आहे.

आकडेमोड

सातपूरच्या ताईंनी माझं काम केलं. काकू, राग नाही, पण त्या रकान्यांचा उपयोग तुम्ही म्हणता त्याच्या बरोब्बर उलटा आहे. कोणाला टाळायचं हे ठरवायला ते नसतात, कोणाची कोणाशी तुलना करायची हे ठरवायला असतात.

२०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्यात अनुसूचित जमातीचे लोक २५.६ टक्के, पण पेठ आणि सुरगाणा तालुक्यात दहातल्या नऊपेक्षा जास्त. मग सुरगाण्याची शाळा आणि कॉलेज रोडची शाळा एका यादीत वरखाली लावली तर ती यादी शाळांची होत नाही, आईबाप किती शिकलेत आणि घरात किती पैसा आहे त्याची होते. शहरातसुद्धा वस्तीवस्तीत हाच फरक आहे, फक्त अंतर तालुक्यांचं नसून दोन स्टॉपचं आहे. म्हणून आधी सारख्या पोरांच्या शाळा एका गटात घ्या, वस्ती सारखी, माध्यम सारखं, सामाजिक विभागणी साधारण सारखी, आणि मग त्या गटात कोणाचा पट टिकतो, कोण जास्त पोरांना एनएमएमएसला बसवतं ते बघा. तिथे जो फरक दिसतो त्यात शाळेचा हात जास्त असतो. सगळा नाही, कारण पट लहान असला की दोन पोरं गाव सोडून गेली तरी टक्केवारी उडी मारते, त्यामुळे एका वर्षावर काही ठरवू नका.

अजून एक उपयोग आहे जो कोणी करत नाही. शाळेतली विभागणी आणि शाळेच्या भोवतालची वस्ती यात फार तफावत असेल, म्हणजे चहूबाजूला कामगार वस्ती आणि शाळेत मात्र त्यातलं कोणीच नाही, तर प्रवेशाच्या वेळी कुठेतरी गाळणी लागलेली आहे. अनुदानित शाळेचे पगार सरकार देतं, तिथे अशी गाळणी असेल तर मला तरी तो मायनस मार्क वाटतो. गाळून घेतलेल्या पोरांचा निकाल कोणीही आणेल.

कॉलेजरोड_काकू

गाळणीचं पटलं. बाकी माझं मत माझ्याजवळ.

मिसळ_विदाऊट_पाव

मग ती त्र्यंबकेश्वर तालुक्यातली हिवाळीची झेडपी शाळा? ३६५ दिवस चालते, पोरं दोन्ही हातांनी लिहितात, व्हिडिओ बघितलेत. ती कुठल्या गटात?

दिंडोरीचे_गुरुजी

आदिवासी पाड्यावरच्या शाळांच्या गटात, आणि त्या गटात ती फार वरची आहे. पण पालकाने ती बघून घराजवळच्या शाळेला झापू नये एवढंच माझं म्हणणं. सुट्टीच्या दिवशीही शाळा उघडणारा माणूस प्रत्येक शाळेला कुठून आणायचा. आम्हाला दोन्ही हातांनी नको, एका हाताने सगळ्यांनी लिहिलं तरी पुष्कळ. असरच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीच्या २३.४ टक्केच पोरांना दुसरीच्या पातळीचा धडा वाचता आला, आणि २०२२ ला तर १६.३ होते. वाढलेत, पण अजून चौघांत एक धड नाही. मी असतो तर कुठल्याही शाळेत एवढंच बघितलं असतं.

पाथर्डीफाटावाला

मंडळी, जबरदस्त माहिती, धन्यवाद. सगळी शीट परत केली, मार्क-बेरीज काढून टाकली आणि पट तिरका वाचला.

सी मध्ये गुरुजींनी सांगितलं तसंच निघालं, चार वर्ग दोन शिक्षक. ए चा पट पहिलीपासून चौथीपर्यंत जवळपास तेवढाच राहतोय, एखाददुसरा वाढतोय सुद्धा, प्रत्येक वर्गाला शिक्षक आहे, सेमी आहे. बी ला गंमत आहे, खालचे वर्ग मस्त भरलेले, नववी-दहावीत मुलींचा आकडा तेवढाच आणि मुलगे बरेच कमी होतात, दरवर्षी. आमची मुलगी आहे म्हणून सोडून द्यावं का, असं बायको म्हणाली आणि मग तीच म्हणाली की नको, जी शाळा शेजारच्या पोराला असं वागवते तिथे नको. तर ए कडे झुकलोय. शाळा चालत जायच्या अंतरावर आहे हे वेगळं.

आता गुरुजी, वाचनाचं तपासायचं कसं? मी परका माणूस, तिसरीच्या वर्गात शिरून ‘वाच रे बाळा’ म्हणणार का?

दिंडोरीचे_गुरुजी

अजिबात नाही. परक्या माणसासमोर चांगलं वाचणारं पोरगं पण मुकं होतं, आणि बाईंना वाटेल तपासणी आलीये.

मुख्याध्यापकांना फोन करून जा, मुलीला घेऊन जा. शनिवारी नको, सकाळची अर्धी शाळा असते, आणि पोषण आहाराच्या वेळेला पण नको, सगळे वाढण्यात असतात. सांगा की पहिलीला घालायचीये, वर्ग बघायचाय. मग तिसरी-चौथीच्या वह्या बघायला मागा, मराठीच्या, पुढच्या बाकावरच्या नकोत, गठ्ठ्यातल्या मधल्याच उचला. सगळ्या वह्यांत तेच उत्तर, त्याच काना-मात्रेच्या चुकीसकट असेल तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे, पोरं चित्र काढल्यासारखी अक्षरं काढतायत. उलट वेगवेगळी, वेडीवाकडी, ‘माझी आजी मला ओरडते’ छाप वाक्यं असतील, शुद्धलेखनाची ऐशीतैशी आणि खाली बाईंची लाल खूण, तर डोळे झाकून घाला. हे कुठल्या कार्डावर येत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत कोण आहे तेही विचारा. कायद्याने त्यात पंचाहत्तर टक्के पालक लागतात आणि निम्म्या बायका. एखाद्या सदस्य बाईंचा नंबर मिळाला तर शेवटची मीटिंग कधी झाली एवढंच विचारा, आठवत नसेल तर समजून घ्या.

सातपूरची_आई

आणि पहिलीच्या बाई कोण आहेत, बदलीला आल्यात का ते पण विचारा. आमच्या इथे फार छान बाई होत्या म्हणून मैत्रिणीने मुलगा घातला आणि जूनमध्ये त्यांची बदली पंचवटीला.

पाथर्डीफाटावाला

वह्या मागितल्या तर दाखवतील का पण?

दिंडोरीचे_गुरुजी

मनपाच्या शाळेत पहिलीला स्वतःहून पोरगी घेऊन आलेला बाप म्हणजे पटाला एक. पट घसरला की संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात) शिक्षक कमी होतो, त्यामुळे चहा पण पाजतील. फक्त ती एक्सेल सोबत नेऊ नका.